दोघं, दोन सायकली आणि सोबत गाडी : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी आणि माझ्या नवऱ्याने मांडव्यापासून तेरेखोलपर्यंत सागरी रस्त्याने सायकलवर केलेल्या प्रवासाबद्दल लिहिलं होतं. सामान घेऊन एक गाडी सोबत होती, ती चालवायला ड्रायव्हरदादा होते. त्या लेखावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले. रस्त्याबद्दल, फेरीबोटींबद्दल लोकांनी विचारलंय, पण सगळ्यात जास्त विचारलंय ते नवरा-बायको एकत्र कसे जाऊ शकतात याबद्दल. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी पंचेचाळीस वर्षांची आहे, नवरा पन्नाशीला आलाय. तो दर रविवारी ग्रुपबरोबर शंभर शंभर किलोमीटर मारतो, मी आठवड्यातून दोनतीनदा पंधरा-वीस. त्याला कोकण करायचंय आणि मला पण खूप इच्छा आहे, पण मी हळू आहे, माझ्यामुळे त्याची मजा जाईल असं वाटतं. आणि मधे गाडीत बसावं लागलं तर ते बरं दिसेल का?
*— एक वाचक, डोंबिवली*

ताई, गाडी सोबत घ्यायची ती नेमकी यासाठीच! नुसत्या बॅगा वाहायच्या असत्या तर कॅरिअर लावून दोघांना भागवता आलं असतं. दोघांची ताकद सारखी नसते, ती सारखी असायचं कारणही नाही, आणि तरी संध्याकाळी दोघं एकाच गावात हसतखेळत पोचली पाहिजेत, हे गाडीमुळे जमतं. त्यामुळे गाडीत बसणं म्हणजे हार मानणं वगैरे डोक्यातून काढून टाका, आणि हे निघायच्या आधी घरी बसून दोघांनी एकमेकांशी स्पष्ट बोलून घ्या, कारण भर उन्हात चढाच्या मध्यावर या गोष्टी बोलायला गेलं की भांडणच होतं.

आम्ही काय ठरवलं होतं ते सांगते. दिवसाचं अंतर जो हळू आहे त्याच्या हिशोबाने, म्हणजे तुम्हाला घरच्या रस्त्यावर दमछाक न होता जेवढं जमतं त्याच्या जास्तीत जास्त दीडपट, आणि चढाचा दिवस असेल तर तेवढंही नाही. दुसरं म्हणजे दोघांपैकी कोणीही, कधीही, कारण न सांगता गाडीत बसू शकतो आणि समोरच्याने ‘अगं थोडंच राहिलंय’ हे वाक्य बोलायचं नाही. हे वाक्य प्रेमाने बोललं जातं पण ऐकणाऱ्याला त्यात दडपणच ऐकू येतं. तिसरं, जो पुढे जाईल त्याने प्रत्येक फाट्यावर थांबायचं, मागचा नजरेला पडल्याशिवाय फाटा सोडायचा नाही, आणि मागचा पोचला की लगेच टांग मारून निघायचं नाही, कारण पुढच्याची विश्रांती तोवर झालेली असते, मागच्याला अजून पाणी पण प्यायचं असतं. जोडप्यांमधे सगळ्यात जास्त कुरबुर इथे होते हो, वेगावरून कमी आणि या थांबण्यावरून जास्त.

आणि तुमच्या नवऱ्याला जोरात चालवायचंय ना, तर त्याला चालवू दे की! रोज सकाळी दीडदोन तास त्याला मोकळं सोडा, तो एखाद्या किल्ल्यापर्यंत जाऊन परत येईल, नाहीतर एखादा घाट दोनदा चढेल, तुम्ही तुमच्या लयीत चालवा. नाश्त्यापासून पुढे मात्र एकत्र. मला स्वतःला एकत्र चालवण्याचा भाग सगळ्यात आवडला कारण लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर शेजारी शेजारी, फोन न बघता, चारचार तास आपण कुठे असतो? बोलणं फार होतं असं नाही, रस्ता अरुंद असेल तर मागेपुढेच चालवावं लागतं, पण कोर्लईच्या चढावर पुढच्याची पाठ बघत चालवताना जे काय वाटतं ते घरच्या सोफ्यावर वाटत नाही. हे मी मनापासून सांगतेय.

इलेक्ट्रिक सायकल घेऊ का असंही तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. खुशाल घ्या. पेडल मारल्यावर मदत करणारी, २५० वॉटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरला मदत थांबवणारी सायकल असेल तर तिला नोंदणी लागत नाही. चढावर दोघांचा वेग जुळतो, रात्री होमस्टेमधे चार्ज होते, चार्जर गाडीत राहतो. फक्त बॅटरी संपल्यावर ती जड सायकल ढकलायला लागते, म्हणून दिवसाच्या शेवटच्या चढासाठी थोडी राखून ठेवायची.

लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. बायकोला न सांगता सगळं बुकिंग करून सरप्राईज द्यायचा विचार आहे. ती लहानपणी सायकल चालवायची.
*— एक वाचक, कोल्हापूर*

दादा, भावना खूप छान आहे पण सरप्राईज देऊ नका. हा प्रवास शरीराने करायचा असतो आणि तयारीला निदान तीनचार महिने लागतात, ते तिच्यापासून लपवून कसे होणार? शिवाय सायकल तिच्या मापाची हवी. पुरुषांच्या मापाची फ्रेम घेऊन सीट खाली केली की झालं असं समजतात, तसं होत नाही, हँडल लांब पडतं आणि खांदे-मान भरून येतात. त्यापेक्षा सरप्राईज म्हणून तिला दुकानात घेऊन जा, तिची सायकल तिला निवडू द्या, आणि मग दोघं मिळून रंकाळ्याभोवती, पुढे पन्हाळ्याच्या रस्त्याला थोडं थोडं वाढवत जा. पन्हाळ्याचा चढ तिने न उतरता पार केला की कोकणातला जवळपास कुठलाही चढ ती करू शकते. तारीख तिने ठरवू दे.

आम्ही पुण्यातले. मुलांना मे महिन्यात सुट्टी असते तेव्हा जमेल का? आणि अलिबागहून गोव्याकडे जावं की गोव्यातून वर यावं? किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाटच असेल ना, मग बोपदेव घाट वगैरेची प्रॅक्टिस कशाला?
*— एक जोडपं, कोथरूड*

मे नको. खरंच नको. ऊन तर असतंच पण दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की अंग थंड होत नाही, कितीही पाणी प्या. आंब्याचा मोह कळतो मला, पण त्यासाठी एसटीने जा आणि झोपाळ्यावर बसून खा. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उत्तम. दिवाळीच्या आधी पावसाने उखडलेले रस्ते तसेच असतात, दिवाळीनंतर डागडुजी सुरू होते. वेळासची कासवाची पिल्लं बघायची असतील तर फेब्रुवारी-मार्चकडे सरकावं लागेल, मग रोजचं अंतर कमी ठेवा आणि अकराच्या आत सायकल बंद.

दिशेचं सांगायचं तर उत्तरेकडून दक्षिणेला. कारण वारा. हिवाळ्यात पहाटे-सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो मंद आणि गार, त्याचा त्रास काही नाही. दुपारकडे जमीन तापली की समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो बहुतेक वायव्येकडून येतो. म्हणजे गोव्याकडे जाणाऱ्याला तो पाठीवर, आणि वर येणाऱ्याला थेट तोंडावर, ते पण दमल्यावर. एक गोष्ट मात्र वर येणाऱ्याच्या बाजूने आहे, आपण डावीकडून चालवतो त्यामुळे उत्तरेला येताना समुद्र आपल्या लेनच्या लगेच बाजूला असतो, खाली जाताना रस्त्यापलीकडे. तेवढ्यासाठी वारा तोंडावर घ्यायची माझी तयारी नाही.

आता सपाट. हा गैरसमज पुण्यामुंबईत सगळ्यांचा असतो. किनारा म्हणजे काशीदसारखा लांब पुळणीचा पट्टा असं चित्र असतं डोळ्यासमोर, आणि तसे तुकडे आहेतही, पण रत्नागिरी जिल्ह्यात शिरलात की जमीन म्हणजे जांभ्याचा सडा, लाल दगडाचं पठार, वर सपाट, झाडं कमी, ऊन भरपूर, आणि दर थोड्या अंतरावर एक खाडी त्या सड्याला खोल कापून समुद्राला मिळते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी, सगळ्यांचं तेच. त्यामुळे तुम्ही सड्यावरून खाडीपर्यंत सरळ समुद्राच्या पातळीला उतरता, पूल नाहीतर फेरीबोट, आणि पलीकडे परत शंभर-दीडशे मीटर चढायचं. एक चढ फार मोठा नसतो. पण दिवसात असे चार झाले की बोपदेव परवडला असं वाटतं. दाभोळहून पलीकडे धोपाव्याला उतरल्या उतरल्या लगेच चढ लागतो, बोटीत थंड झालेले पाय घेऊन. तेव्हा बोपदेव कराच, आणि एकदा चढून घरी येऊ नका, उतरून परत चढा, तीच खरी कोकणची प्रॅक्टिस.

गिअर हलके हवेत, पुढची सगळ्यात लहान चकती आणि मागची सगळ्यात मोठी यांचे दात निदान सारखे तरी असावेत. टायर ३२ ते ३५ मिलिमीटरचे घ्या, बारीक रोड टायर नको. उतारांवर जपा, जांभ्याची लाल खडी वळणावरच साठलेली असते आणि एसटी वळण घेताना पूर्ण रस्ता घेते, तिचा इलाज नसतो. उतार शक्यतो संध्याकाळच्या अंधुक उजेडात नकोच.

एकूण किती किलोमीटर होतात? आणि आता सगळीकडे पूल होणार म्हणतात, मग फेरीबोटी बंद होतील का?
*— एक वाचक, सांगली*

मांडवा ते तेरेखोल किनारा धरून साधारण ५०० ते ५५० किलोमीटर, तुम्ही कुठल्या फाट्याला आत वळता त्यावर. रोजचे पन्नास-साठ धरा आणि मधे दोन दिवस पूर्ण रिकामे.

मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या, गाडी आणि सायकली एकाच बोटीत जातात, पनवेल-पेणच्या ट्रॅफिकमधून सुटका. फक्त शनिवारी सकाळी सुरुवात करू नका, अलिबागच्या रस्त्यावर सगळी मुंबई असते. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड, या चारही ठिकाणी गाडी चढते अशा बोटी आहेत, कोकणात त्यांना जंगलजेटी म्हणतात. शेवटी तेरेखोल ते केरी ही गोव्याची फेरी. गंमत अशी की तेरेखोलचा किल्ला नदीच्या अलीकडे, आपल्या बाजूला, पण आहे गोव्यात.

रेवस-रेड्डी सागरी महामार्गासाठी राहिलेल्या खाड्यांवर पुलांची कामं काढलेली आहेत, तिथल्या माणसांना दवाखान्याला, कॉलेजला जायला पूल हवाच, त्याबद्दल दुमत नाही. पण तुम्हाला सांगते, शक्य असेल तर पूल व्हायच्या आधी जा. सायकलवाल्यासाठी ती बोट म्हणजे सक्तीची विश्रांती असते. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या बायका, कॉलेजची पोरं, दोन बाइक, एक टेम्पो आणि आपण, आणि ‘कुठून आलात’ पासून ‘मुलं काय करतात’ पर्यंत सगळी चौकशी पलीकडच्या धक्क्याला लागेपर्यंत पूर्ण. दाभोळच्या बोटीत एका आजींनी नवऱ्याला बाजूला करून मला विचारलं, तुला हे आवडतं का गो, का त्याच्यासाठी येतेस? इतका नेमका प्रश्न मला या प्रवासाबद्दल दुसऱ्या कोणी विचारलेला नाही.

संध्याकाळच्या शेवटच्या फेरीची वेळ आदल्या दिवशी विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून जायला गाडीलाही खूप लांब पडतं, तवसाळला चुकली तर भातगावच्या पुलापर्यंत आत जावं लागतं. आणि जयगडला उतरल्यावर निवळीच्या मोठ्या रस्त्याला लागू नका, तिथे बंदराचे ट्रक असतात. किनाऱ्याने मालगुंडकडे वळा, केशवसुतांचं घर आणि स्मारक तिथेच आहे, तिथून गणपतीपुळे जवळ, मग आरे-वारेच्या वळणावळणाने रत्नागिरी. सगळ्या प्रवासातला एकच दिवस निवडायचा झाला तर मी हा निवडेन.

सपोर्ट गाडी म्हणजे नेमकं काय काय करायचं असतं? ती पूर्णवेळ आमच्या मागेमागे चालणार का? आणि खर्चाचा अंदाज कसा काढायचा?
*— एक वाचक, ठाणे*

मागेमागे अजिबात नको! अरुंद रस्त्यावर ताशी पंधराच्या वेगाने गाडी मागे लावली की मागच्या सगळ्यांची अडवणूक होते, लोक चिडून भलत्या ठिकाणी ओव्हरटेक करतात, आणि आपल्याला सतत इंजिनचा आवाज आणि धूर. गाडीने पुढे जायचं आणि पंधरा-वीस किलोमीटरवर ठरलेल्या जागी थांबायचं. ठरलेली जागा म्हणजे ‘पुढे कुठेतरी भेटू’ नव्हे, अमुक गावचा एसटी थांबा, तमुक देऊळ, असं नावानिशी, सकाळी कागदावर लिहून तिघांच्या खिशात. कारण दोन गावांच्या मधे रेंज जाते आणि फोन लागेल या भरवशावर राहिलात तर गाडी एका फाट्याला आणि तुम्ही दुसऱ्या. तुम्ही पोचलात की गाडी पुढच्या जागी. ठरल्या वेळेच्या तासभर नंतरही तुम्ही आला नाहीत तर गाडीने उलट शोधत यायचं, हा नियम पक्का.

गाडीत काय आणि अंगावर काय याचा विचार नीट करा. एक ट्यूब, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, प्यायचं पाणी, थोडं खाणं, पैसे, औषधं हे दोघांच्याही सायकलवर वेगवेगळं हवं. बाकी सगळं, म्हणजे जास्तीचे टायर, चेन, ब्रेकचे पॅड, मोठा पंप, पाण्याचा कॅन, केळी, चिक्की, ओआरएसची पाकिटं, एक चटई आणि दोन टॉवेल, गाडीत. पंक्चर दोघांनाही काढता आलं पाहिजे. नवऱ्याला येतं म्हणून बायकोने शिकायचं नाही हे मला पटत नाही, तो पुढे निघून गेलेला असतो तेव्हाच होतं पंक्चर. जेवणासाठी सकाळीच पुढच्या गावच्या खानावळीत किंवा घरगुती जेवण देणाऱ्यांकडे फोन करून ठेवा, छोट्या गावात ऐनवेळी गेलात तर ताट मिळेलच असं नाही.

खर्च धरताना गाडीचं रोजचं भाडं, किलोमीटर, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता आणि बोटींची तिकिटं हे चार वेगवेगळे विचारा. आणि हे मी ठळकपणे सांगते, ड्रायव्हरदादांना झोपायला नीट खोली आणि आपल्याच पंगतीत जेवण. काही ठिकाणी ‘ड्रायव्हर गाडीत झोपेल’ असं गृहीत धरतात. नाही झोपणार. तुम्ही खाली उतारावर पडलात तर तुम्हाला उचलायला तोच माणूस आहे, तो ताजातवाना पाहिजे. शक्यतो कोकणातलाच घ्या, त्याला फाटे माहीत असतात आणि कुठल्या घरी घावणे चांगले मिळतात ते पण.

माझं वय ५८, डायबेटिस आहे, गोळ्या चालू आहेत. बायको म्हणते डॉक्टरने हो म्हटलं तर जाऊ. काय काळजी घ्यावी?
*— एक वाचक, नाशिक*

काका, काकूंचं बरोबर आहे, आधी डॉक्टर. त्यांना ‘सायकल चालवू का’ एवढंच विचारू नका. दहाबारा दिवस जवळपास रोज चारपाच तास चढउतारावर चालवणार आहे असं नीट सांगा, कारण त्या दिवसांत गोळ्यांचा डोस आणि वेळ बदलावी लागू शकते, आणि ते त्यांनीच ठरवायचं. इतक्या कष्टाने साखर चालवतानाच नाही तर नंतर काही तासांनी, अगदी रात्री झोपेतसुद्धा खाली जाऊ शकते. म्हणून मशीन बरोबर हवं, निघताना, मधे आणि झोपण्याआधी तपासायचं, आणि ग्लुकोज पावडर किंवा गोळ्या तुमच्या स्वतःच्या खिशात, गाडीत नाही. गाडी पुढच्या गावात असते. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा गोंधळ झाला की सायकल बाजूला, आधी साखर खायची. काकूंना आणि ड्रायव्हरला दोघांनाही ही लक्षणं सांगून ठेवा, चिडचिड झाली की बायकोला वाटतं हे नेहमीचंच! पायांना रोज रात्री नीट बघा, बूट घासून फोड आला असेल तर दुसऱ्या दिवशी सुट्टी घ्या आणि दाखवून घ्या.

जरा अवघड प्रश्न आहे पण विचारते, रस्त्यात बाथरूमचं काय? आणि सीटमुळे खूप दुखतं.
*— एक वाचक, सोलापूर*

अवघड काही नाही, सगळ्या बायकांच्या मनात हाच प्रश्न असतो आणि यामुळे बायका पाणी कमी पितात, ते सगळ्यात वाईट. पाणी कमी करू नका. सकाळी निघतानाच थांबण्याच्या जागा अशा ठरवा की जवळ होमस्टे, खानावळ, पेट्रोल पंप किंवा मोठं देऊळ आहे. आम्ही दर थांब्याला एखाद्या घरी सरळ विचारायचो, आणि कोकणातल्या बायकांनी मला कधी नाही म्हटलं नाही, उलट जाताना कोकम सरबत पिऊनच जा म्हणायच्या. गाडीत एक मोठी छत्री आणि जुनी साडी ठेवा, सड्यावर घरंच नसतात तिथे आडोसा होतो. पाळीची तारीख मधे येत असेल तर त्या दिवसासाठी रिकामा मुक्काम धरा, नाहीतर गाडी आहेच.

सीटचं म्हणाल तर मऊ गादीचं कव्हर लावून प्रश्न वाढतो, ते घासतं. बायकांच्या बसण्याच्या हाडांना पुरेल अशी थोडी रुंद सीट, पॅडवाली शॉर्ट आणि तिच्या आत दुसरं काही नाही. चालवून झालं की लगेच ती बदलून कोरडे कपडे घाला, ओल्या कपड्यात बोटीची वाट बघत बसू नका. सीटचं टोक किंचितही वर असेल तर ते आडवं करून घ्या, बऱ्याच जणींचं दुखणं तेवढ्यानेच जातं.

परत कसं यायचं?
*— एक वाचक, बदलापूर*

गाडीच्या टपावर किंवा मागे सायकलचा स्टँड लावून सायकली आणि माणसं एकत्र, हे सगळ्यात सोपं. मागे लावलात तर नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाणार नाहीत एवढं बघा. गाडी तिथूनच सोडून द्यायची असेल तर सावंतवाडी किंवा थिवी स्टेशनच्या पार्सल ऑफिसमधे सायकल बुक करा, आदल्या दिवशी जाऊन चौकशी करून या, पेडल काढून ठेवा, हँडलला आणि चेनच्या बाजूला पुठ्ठा गुंडाळा आणि दोन्ही बाजूंना नाव-नंबर-स्टेशन मोठ्या अक्षरात लिहा. छोट्या स्टेशनवर गाडी थोडाच वेळ थांबते, त्यामुळे उतरवताना एकाने पार्सलच्या डब्याकडे पळायचं आणि दुसऱ्याने सामान सांभाळायचं.